कसूरची नूरजहाँ आणि पंजाबी बोलपट

मराठी रसिकाच्या मनात नूरजहाँचे जे चित्र ठसले आहे ते ‘अनमोल घडी’चे आहे. १९४६ साली मेहबूबखानांनी पडद्यावर आणलेला तो बोलपट, नौशादांच्या चाली, सुरेंद्र आणि सुरैया यांच्यासारखे सहकलाकार, आणि या सर्वांवर पसरलेला त्या विशीतल्या तरुणीचा भरदार, किंचित आर्त, तार सप्तकात गेल्यावरही वजन न सोडणारा कंठ, यांनी आमच्या आधीच्या पिढीवर असा काही संस्कार केला की त्यापुढे तिच्या उरलेल्या साऱ्या कारकीर्दीचा आम्हांला विसर पडला. वास्तविक मुंबई हा तिच्या दीर्घ प्रवासातला चार-पाच वर्षांचा एक मुक्काम होता. ज्या भाषेतल्या चित्रपटात ती लहानपणी प्रथम पडद्यावर आली, ज्या भाषेतल्या बोलपटाची ती पुढे दिग्दर्शिका झाली, आणि अभिनय सोडल्यानंतरही जिच्यात ती अखेरच्या वर्षांपर्यंत गात राहिली, ती तिची भाषा पंजाबी होती. हिंदी चित्रपटाची तारका म्हणून तिचे स्मरण आम्ही पुष्कळ केले. पंजाबी बोलपटाची अभिनेत्री म्हणून तिच्याकडे पाहिले, तर एका प्रादेशिक चित्रसृष्टीचा जन्म, वाढ, फाळणी आणि पुनर्वसन असा सारा इतिहास तिच्या एकटीच्या चरित्रात ओवलेला दिसतो. आणि त्या इतिहासाचे एक-दोन धागे थेट आमच्या कोल्हापुरापर्यंत येऊन पोहोचतात.

लाहोरच्या दक्षिणेस पन्नासेक किलोमीटरांवर कसूर हे गाव आहे. महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांत हे नाव कसुरी मेथीच्या रूपाने पोहोचले असले, तरी पंजाबात ते प्रथम उच्चारले जाते ते बुल्लेशहांसाठी. ह्या सूफी संतकवीची समाधी कसुरात आहे, आणि जातिधर्माच्या भिंतींना न जुमानणारी त्यांची वाणी हिंदू, शीख आणि मुसलमान या तिन्ही समाजांच्या ओठी शतकानुशतके खेळत आली आहे. दुसरे नाव गायनाचे. बडे गुलाम अली खाँ याच गावी १९०२ साली जन्मले, आणि त्यांच्या घराण्याच्या गायकीला कसूरचे नाव पतियाळ्याच्या जोडीने लागले. अशा गावी, गाण्याबजावण्याचा पिढीजात व्यवसाय असलेल्या एका सामान्य घरात, १९२६ साली एक मुलगी जन्मली. तिचे नाव अल्ला वसाई. वडिलांचे नाव मदद अली, आईचे फतेह बीबी. घरात भावंडे पुष्कळ आणि पैसा थोडा.

पंजाबच्या ग्रामव्यवस्थेत गाणाऱ्या-वाजविणाऱ्या कुळांना जे स्थान होते ते आमच्याकडील बलुत्याच्या वहिवाटीशी बरेच मिळतेजुळते होते. जमीनदाराच्या घरची वंशावळ मुखोद्गत ठेवावी, लग्नकार्यात आणि सणासुदीला गावे, आणि हंगामाला धान्याचा ठरीव वाटा घ्यावा, अशी ती परंपरागत व्यवस्था होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ही बंधने सैल होऊ लागली. शहरे वाढली, ध्वनिमुद्रिका निघाल्या, नाटक कंपन्यांचे दौरे रेल्वेच्या सोयीने वाढले, आणि ज्या कलेचा मोबदला पूर्वी खळ्यावर मिळत असे त्या कलेला आता तिकिटाच्या खिडकीवर गिऱ्हाईक मिळू लागले. या स्थित्यंतराचा लाभ ज्या कुटुंबांनी वेळीच ओळखला त्यांत मदद अलींचे कुटुंब होते. पाच-सहा वर्षांची पोर जे ऐकते ते हुबेहूब गाते हे ध्यानात येताच तिला तालमीला बसविण्यात आले, आणि थोड्याच काळात मोठ्या बहिणींच्या सोबतीने ती लाहोरच्या रंगमंचावर उभी राहू लागली. त्या काळी लाहोरात चित्रपटाच्या खेळाआधी रंगमंचावर प्रत्यक्ष गाणे-नाचणे करण्याची रीत होती. गुलाम अहमद चिश्ती नावाच्या तरुण संगीतकाराने या चिमुरडीसाठी गाणी बांधून दिली. पुढे ‘बाबा चिश्ती’ म्हणून सर्व पंजाबात नावाजलेले हे गृहस्थ आणि ही मुलगी यांची गाठ पुढच्या आयुष्यात वारंवार पडणार होती.

लाहोरहून हे कुटुंब कलकत्त्यास गेले. आजच्या वाचकाला याचे नवल वाटेल की पंजाबी बोलपटाच्या आरंभीच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे प्रकरण पंजाबपासून हजारभर मैल दूर, हुगळीच्या काठी घडले; परंतु त्याची कारणे व्यवहारातली आहेत. बोलपटाला लागणारी ध्वनिमुद्रणाची महागडी सामग्री, ती चालविणारे तंत्रज्ञ आणि पैसा गुंतविणारे शेठ हे तिशीच्या दशकात कलकत्त्याला आणि मुंबईला एकवटलेले होते. लाहोरात हौस होती, नट होते, गाणारे होते. मूकपटांच्या काळात अब्दुल रशीद कारदारांसारख्या माणसांनी भाटी दरवाजाच्या परिसरातून उठून चित्रनिर्मितीचा उद्योग उभारण्याची शिकस्त केली होती. पण भांडवल नव्हते. शिवाय पारशी रंगभूमीची मोठी उलाढाल कलकत्त्यास चाले. तिचे थोर नाटककार आगा हश्र काश्मिरी आणि त्यांच्या पत्नी मुख्तार बेगम, ज्या स्वतः नामांकित गायिका-नटी होत्या, हे दोघे तेथेच होते. मुख्तार बेगमांनी या बहिणींना आधार दिला. तंबूच्या कनातीखाली हजारो प्रेक्षकांसमोर चालणाऱ्या त्या नाटकशाळेत अल्ला वसाईला नवे नाव मिळाले: बेबी नूरजहाँ. मुख्तार बेगमांचे साडी नेसणे, उभे राहणे, सूर लावतानाचा हाताचा डौल हे सारे त्या मुलीने डोळ्यांनी टिपले, आणि हयातभर ती त्यांना आदर्श मानीत आली.

कृष्णदेव मेहरा यांनी इंदिरा मूव्हीटोनतर्फे कलकत्त्यास ‘शीला’ ऊर्फ ‘पिंड दी कुडी’ हा पंजाबी बोलपट १९३५च्या सुमारास काढला, आणि त्यात तिन्ही बहिणींना काम मिळाले. शीर्षकाचा अर्थ ‘गावची पोर’ असा. पंजाबी बोलपटाच्या पहिल्या पावलांमध्ये या चित्रपटाची गणना सर्वत्र होते. आपल्या बोलीतले संवाद, आपल्याकडची गाणी आणि आपल्याच वेषातली माणसे पडद्यावर पाहताना पंजाबच्या प्रेक्षकाला काय वाटले असेल याची कल्पना मराठी माणसाला करता येईल, कारण ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट १९३२ साली मराठीतून बोलू लागला तेव्हा आमच्याकडेही तोच आनंद झाला होता. मेहरांनी त्यानंतर हीर-रांझाच्या कथेवर आणखी एक पंजाबी बोलपट काढला आणि त्यातही बेबी नूरजहाँ होती. वारिस शहांच्या काव्यामुळे पंजाबात ही कथा घरोघरी पोहोचलेली आहे. ती पडद्यावर वारंवार येत राहिली, आणि याच कथेशी या मुलीचा संबंध तीन दशकांनंतर पुन्हा एकदा यायचा होता.

तिशीच्या दशकाच्या अखेरीस हे कुटुंब लाहोरला परतले, आणि मग ज्याला लाहोरच्या चित्रसृष्टीचे सुवर्णयुग म्हणता येईल असा अल्पसा काळ सुरू झाला. या काळाचे कर्तेपण एका गुजराती गृहस्थाकडे जाते. दलसुख पांचोली हे मूळचे चित्रपटांचे वितरक. त्यांनी लाहोरात चित्रशाळा उभारली, आणि पंजाबी जनतेची रुची कशात आहे याचा व्यापाऱ्याच्या काटेकोरपणाने अंदाज घेतला. १९३९चा ‘गुल बकावली’ आणि १९४०चा ‘यमला जट’ हे त्यांचे पंजाबी बोलपट दणदणीत चालले. ‘यमला जट’मध्ये खलनायकाचे काम करणारा तरुण लाहोरात छायाचित्रकाराच्या दुकानी नोकरी करीत होता, आणि पानाच्या दुकानापाशी उभा असता लेखक वली मोहम्मद वली यांच्या नजरेस पडून चित्रपटात आला होता. त्याचे नाव प्राण. बेबी नूरजहाँ अद्याप लहान मुलीचीच कामे करीत होती, तरी चित्रपटाच्या यशाचा वाटा तिच्या गाण्यांकडे मोठ्या प्रमाणात जात होता.

या गाण्यांचे शिल्पकार मास्तर गुलाम हैदर. सिंधमधल्या हैदराबादचे हे गृहस्थ दंतवैद्यकाचे शिक्षण घेऊन संगीताकडे वळले होते, आणि हिंदुस्थानी चित्रपटसंगीताच्या इतिहासात त्यांचे जे स्थान आहे त्याला अद्यापि पुरता न्याय मिळालेला नाही असे माझे मत आहे. त्यांच्या आधीचे चित्रपटगीत बहुधा ठुमरी, गझल किंवा नाट्यपदाच्या चालीने, संथ आणि बैठकीच्या ढंगाने चालत असे. गुलाम हैदरांनी त्यात पंजाबच्या लग्नघरातली ढोलकी आणली. टप्पे, माहिया, बोलियां या लोकगीतांची उसळती लय त्यांनी वाद्यवृंदाशी जुळविली, आणि ज्याला शहरातले उस्ताद गावंढळ म्हणून बाजूला सारीत होते ते धन त्यांनी पडद्यावर मांडले. या लयीला पेलणारा गळा हवा होता. तो त्यांना कसूरच्या मुलीत सापडला. रागदारीची तालीम लाभल्याने तो सुरात पक्का होता आणि गावच्या मातीतला असल्याने त्या ढोलकीवर अवघडत नव्हता. पंजाबी गीताने हिंदी चित्रपटाचा ताल पुढे बदलून टाकला याची चर्चा नेहमी साठ-सत्तरच्या दशकांच्या संदर्भात होते. त्या बदलाचा उगम ‘गुल बकावली’ आणि ‘यमला जट’ यांच्यात आहे.

परंतु यशाबरोबरच पंजाबी बोलपटाची मर्यादाही पांचोलींना दिसली. पंजाब सुभ्याच्या बाहेर त्या चित्रपटांना बाजारपेठ नव्हती, आणि खर्च तर वाढतच होता. म्हणून १९४१मध्ये ‘खजांची’ आणि १९४२मध्ये ‘खानदान’ हे त्यांचे बोलपट हिंदुस्थानीत निघाले. ‘खानदान’मध्ये नूरजहाँ प्रथमच नायिका झाली, समोर प्राण नायक, आणि तिची उंची इतकी कमी होती की जवळून चित्रण करताना तिला विटांवर उभे करावे लागे, अशी आठवण प्राण पुढे सांगत. बोलपट देशभर गाजला. त्याचे दिग्दर्शक सय्यद शौकत हुसेन रिझवी यांच्याशी तिने विवाह केला आणि दोघांनी मुंबई गाठली. येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. प्रादेशिक भाषेचा निर्माता आपल्या घरच्या प्रेक्षकाच्या प्रेमावर उभा राहतो, मग खर्चाच्या तोंडमिळवणीसाठी हिंदीकडे वळतो, आणि त्याचे उत्तम कलावंत मुंबईकडे निघून जातात, हा क्रम केवळ लाहोरचा नाही. कोल्हापूर आणि पुणे यांनी तो तितक्याच तीव्रतेने अनुभवलेला आहे.

मुंबईच्या त्या वर्षांचा तपशील आमच्याकडे पुष्कळ सांगितला गेला असल्याने मी तो थोडक्यात घेतो. रिझवींच्या ‘नौकर’ची कथा सआदत हसन मंटो यांची होती, आणि मंटोंनी पुढे नूरजहाँवर लिहिलेला व्यक्तिलेख उर्दू गद्यात प्रसिद्ध आहे. १९४५च्या ‘जीनत’मध्ये तिने जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी यांच्यासह गायिलेली कव्वाली स्त्रियांच्या आवाजातल्या कव्वालीचा पडद्यावरचा पहिला मोठा प्रयोग होता. ‘अनमोल घडी’ झाला. १९४७मध्ये दिलीपकुमार यांच्याबरोबरचा ‘जुगनू’ आणि त्रिलोक कपूर यांच्याबरोबरचा ‘मिर्झा साहिबाँ’ हे झाले. यांपैकी शेवटच्याची कथा अस्सल पंजाबी लोककथा असून तिचे संगीत पंडित अमरनाथ आणि त्यांचे धाकटे बंधू हुस्नलाल-भगतराम या पंजाबी संगीतकारांचे होते. म्हणजे भाषा हिंदी झाली तरी तिच्यासाठी निवडला जाणारा प्रांत, त्यातली माणसे आणि लय बऱ्याच अंशी पंजाबचीच राहत होती.

‘बडी माँ’विषयी मात्र विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तो आमचा विषय आहे. मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्सने कोल्हापुरात ‘माझे बाळ’, ‘चिमुकला संसार’, ‘गजाभाऊ’ असे मराठी बोलपट काढले होते. १९४५ साली त्यांनी हिंदीत उतरायचे ठरविले, आणि त्यासाठी नायिका म्हणून लाहोरहून मुंबईस आलेल्या नूरजहाँला बोलावले, संगीत के. दत्ता या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दत्ता कोरगावकरांचे. महायुद्धाच्या दिवसांत युद्धप्रयत्नाला पोषक असे चित्रपट निघत, त्यांपैकीच हा एक. विनायकरावांच्या कंपनीत तेव्हा मास्टर दीनानाथांची थोरली मुलगी नोकरीस होती. वडील १९४२ साली गेलेले, घराचा भार अंगावर पडलेला, आणि अभिनयाची मनापासून नावड असूनही किरकोळ भूमिका करणे भाग. अशी ती पंधरा वर्षांची लता होती. विनायकरावांनी तिची नूरजहाँशी ओळख करून दिली आणि गाऊन दाखवायला सांगितले. लताबाईंनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली आहे: त्यांनी जयजयवंती गायिला, मग चित्रपटातले एक गीत, आणि रियाज करीत राहा, मोठी होशील, असा आशीर्वाद त्यांना मिळाला. आशीर्वाद देणारी स्वतः तेव्हा एकोणिशीच्या आतबाहेर होती. ‘बडी माँ’त लता आणि आशा या दोघी बहिणी लहान भूमिकांत दिसतात.

या भेटीचे महत्त्व केवळ भावनिक नाही. तीनच वर्षांनी, १९४८मध्ये, लताचा आवाज फार बारीक म्हणून एका मोठ्या निर्मात्याने नाकारला असता तिच्यामागे जो संगीतकार हट्टाने उभा राहिला आणि ज्याने ‘मजबूर’मध्ये तिच्याकडून गाऊन घेतले, तो संगीतकार म्हणजे पंजाबी बोलपटांतून बेबी नूरजहाँला घडविणारे तेच मास्तर गुलाम हैदर. लाहोरच्या ढोलकीवर घडलेली गायनदृष्टी एका मराठी मुलीच्या कंठाला वाट करून देण्यास कारणीभूत झाली, आणि मग ते मास्तर स्वतः लाहोरला निघून गेले व १९५३ साली तेथेच निवर्तले.

१९४७चा ऑगस्ट आला. पंजाब सुभा मधोमध कापला गेला, आणि जे माणसांचे झाले तेच चित्रशाळांचे झाले. पांचोलींना लाहोर सोडावे लागले. प्राण मुंबईस आले. मुलतान रोडवरची शोरी कुटुंबाची चित्रशाळा दंग्यांत उद्ध्वस्त झाली, आणि रूप शोरी निर्वासित होऊन मुंबईस गेले. उलट दिशेने नूरजहाँ आणि रिझवी मुंबईतील आपली मांडलेली घडी सोडून प्रथम कराचीस, मग लाहोरास गेले. निर्वासितांनी मागे टाकलेल्या मालमत्तेच्या वाटपात शोरींची ती मोडकी चित्रशाळा या दांपत्याला मिळाली. त्यांनी ती दुरुस्त करून ‘शाहनूर’ या नावाने पुन्हा उभी केली. ज्याने ती बांधली तो निर्वासित आणि ज्यांनी ती घेतली तेही मुंबईचे घर सोडून आलेले, ही त्या काळाची शोकांतिका होती. कोणा एकाला दोष देऊन तिचा हिशेब लागत नाही.

पंजाबी बोलपट मात्र या घावाने मेला नाही; त्याची दोन घरे झाली. हिंदुस्थानातील पंजाबात चित्रशाळा नव्हत्या, म्हणून तेथील प्रेक्षकांसाठी निघणारे बोलपट प्रामुख्याने मुंबईतच तयार होऊ लागले. रूप शोरींचा ‘चमन’ १९४८ साली निघाला. ‘लच्छी’ हा बोलपट १९४९चा. ‘लच्छी’ला हंसराज बहल यांचे संगीत होते आणि त्यात लता मंगेशकरांनी पंजाबी गीते गायिली. त्याच १९४९ साली लाहोरात नजीर आणि स्वर्णलता यांनी ‘फेरे’ काढला, त्याला बाबा चिश्तींचे संगीत होते, आणि पाकिस्तानातला तो पहिला पंजाबी बोलपट यशस्वी ठरला. कलावंतांची जा-ये तरीही पूर्ण थांबली नाही. अभिनेत्री मीना शोरी १९५६च्या सुमारास एका चित्रपटाच्या निमित्ताने लाहोरला गेली आणि तिकडेच राहिली.

अशा परिस्थितीत १९५१ साली ‘चन वे’ पडद्यावर आला. शाहनूरची निर्मिती, भाषा पंजाबी, नायक संतोषकुमार, नायिका नूरजहाँ, आणि श्रेयनामावलीत दिग्दर्शिका म्हणूनही नूरजहाँचेच नाव. पाकिस्तानच्या चित्रपटसृष्टीतील ती पहिली स्त्री-दिग्दर्शक. दिग्दर्शनात रिझवींचा हात किती होता याविषयी मतभेद आहेत. माझ्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. मुंबईत कीर्तीच्या शिखरावरून आलेली ही अभिनेत्री नव्या देशात पुनरागमन करताना राज्याची आणि अभिजनांची भाषा जी उर्दू, तिच्याकडे न वळता आपल्या मायबोलीकडे वळली. संगीत फिरोज निजामींचे, म्हणजे ज्यांनी मुंबईत ‘जुगनू’ला संगीत दिले होते त्यांचे. हे निजामी किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य, म्हणजे हिराबाई बडोदेकरांचे गुरुबंधू. ‘चन वे’ची गाणी पाकिस्तानात घरोघरी पोहोचली, आणि उजाड झालेल्या लाहोरच्या चित्रव्यवसायाला धीर आला. दुसऱ्याच वर्षी निजामींच्याच संगीताने नटलेला उर्दू ‘दुपट्टा’ आला व तो सरहद्दीच्या अलीकडेही पाहिला गेला.

पुढच्या दहा वर्षांची कारकीर्द चढउतारांची आहे. रिझवींशी विवाह टिकला नाही, आणि शाहनूर चित्रशाळा त्यांच्याकडे राहिली. ‘पाटे खाँ’, ‘नूराँ’, ‘छू मंतर’ हे पंजाबी आणि ‘इंतेजार’, ‘अनारकली’, ‘कोयल’ हे उर्दू बोलपट या काळातले. ‘इंतेजार’ आणि ‘कोयल’ यांचे संगीतकार ख्वाजा खुर्शीद अन्वर यांनीही आपला पहिला चित्रपट, ‘कुडमाई’, १९४१ साली मुंबईत पंजाबीतच केला होता. उर्दू बोलपटांतील तिची शालीन, दुःख गिळणारी नायिका आणि पंजाबी बोलपटांतील उघड्या गळ्याने हसणारी, प्रसंगी भांडणारी ग्रामकन्या यांत मला दुसरी अधिक सच्ची वाटते, कारण तेथे तिला भाषा सांभाळून बोलावे लागत नाही.

नट एजाज दुराणी यांच्याशी १९५९मध्ये विवाह झाल्यावर तिने अभिनय आवरता घेतला. १९६३च्या ‘बाजी’तले छोटेसे दर्शन अखेरचे ठरले. तिची स्वतःची ही कारकीर्द संपली तेथून एक अधिक दीर्घ कारकीर्द सुरू झाली. आजवर तिने आपल्याच भूमिकांसाठी गायिले होते, आता ती पडद्यावरच्या दुसऱ्यांसाठी गाऊ लागली. १९७० साली मसूद परवेझ यांनी ‘हीर रांझा’ काढला: नायिका फिरदौस, नायक एजाज, गीते अहमद राहींची, संगीत ख्वाजा खुर्शीद अन्वरांचे, आणि हीरचा कंठ नूरजहाँचा. लहानपणी ज्या कथेच्या बोलपटात तिने काम केले होते त्या कथेच्या नायिकेला तिने प्रौढ वयात आवाज दिला, आणि पंजाबी चित्रपटसंगीताचा मानदंड म्हणून त्या गाण्यांकडे आजही बोट दाखविले जाते.

यानंतर जी दोन दशके आली त्यांत पाकिस्तानातील उर्दू चित्रपट मागे पडत गेला आणि पंजाबी चित्रपटाची संख्या वाढत गेली. कथा बहुधा सूडाच्या आणि गंडाशांच्या, म्हणजे लांब दांड्याच्या कुऱ्हाडींच्या; नायिका शेतात नाचणारी. फिरदौस, आसिया, अंजुमन अशा नायिकांच्या पिढ्या बदलल्या, परंतु त्यांच्यामागचा आवाज पुष्कळदा एकच होता. या काळातल्या पुष्कळ गाण्यांचा दर्जा सामान्य होता हे नाकारता येत नाही, आणि तिच्यासारख्या गायिकेने अशी शब्दरचना गावी याचे तिच्या चाहत्यांना दुःख झाले. तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. त्या चित्रशाळांतले वादक, संगीतकार, गीतकार आणि तंत्रज्ञ यांचा चरितार्थ या धंद्यावर होता, आणि तिच्या नावावर चित्रपटाला पैसा उभा राहत होता. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या स्त्रीचा कंठ तरुण नायिकांना शोभतो, आणि प्रेक्षक तो बदलू देत नाहीत, असे उदाहरण आमच्याकडे लता आणि आशा यांचे, पंजाबीत नूरजहाँचे.

१९६५च्या युद्धात लाहोर नभोवाणीवरून तिने आपल्या सैनिकांसाठी गीते गायिली. त्यांतले सूफी तबस्सुम यांनी रचलेले सर्वांत प्रसिद्ध गीत पंजाबीतच होते. त्या युद्धात आपली बाजू दुसरी होती, हे कोणी मराठी वाचक विसरणार नाही, आणि विसरावेही असे मी म्हणत नाही. पण सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना खंदकांत जे जवान होते त्यांतल्या अनेकांची मायबोली एकच होती, आणि ते गीत अलीकडच्या खंदकातही शब्दन् शब्द समजत होते, ही त्या युद्धाची मर्मभेदक वस्तुस्थिती आहे.

१९८२च्या फेब्रुवारीत पस्तीस वर्षांनंतर ती मुंबईस आली, आणि षण्मुखानंद सभागृहात जुन्या चित्रपटसंगीताच्या गौरवार्थ झालेल्या समारंभात गायिली. दिलीपकुमार यांनी तिचे स्वागत केले. तिच्या गावचे बडे गुलाम अली खाँ फाळणीनंतर पाकिस्तानातून परत येऊन भारताचे नागरिक झाले होते आणि १९६८ साली हैदराबादेस वारले होते. कसूरच्या या लेकीने मात्र लाहोर निवडले होते आणि ती निवड तिने कधी बदलली नाही. २३ डिसेंबर २००० रोजी, रमजानच्या सत्ताविसाव्या तारखेस, कराचीत तिचे निधन झाले आणि तेथील गिझरीच्या दफनभूमीत तिला पुरण्यात आले.

मराठीत चित्रपटाचा इतिहास लिहिण्याची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. तिने प्रभात, नवयुग, प्रफुल्ल या संस्थांची दप्तरे चाळली, नटांची आत्मचरित्रे जपली. परंतु चाळीसच्या आणि पन्नासच्या दशकांत मुंबईच्या चित्रशाळांतून जे पंजाबी बोलपट निघाले, ज्यांत लताबाईंपासून मोहम्मद रफींपर्यंत अनेकांनी गायिले, त्यांचा वृत्तांत मराठीत जवळजवळ नाही. ते काम आमच्याच शहरात झालेले आहे, आणि ती नोंद करण्याची जबाबदारीही आमचीच आहे. त्या वृत्तांताचे पहिले प्रकरण कसूरच्या अल्ला वसाईपासून सुरू करावे, आणि ते लिहिणाऱ्याने ‘अनमोल घडी’च्या आधी ‘यमला जट’ आणि नंतर ‘चन वे’ ऐकावा, अशी माझी अभ्यासकांना कळकळीची विनंती आहे.